चेऊलकर मूळचे कुठले?

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या हिंदी सिनेमातला तो बुटका, टक्कल पडलेला, हसऱ्या डोळ्यांचा नट आठवतोय? ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा. पडद्यावर नाव यायचं नुसतं ‘डेव्हिड’. पुष्कळांना वाटायचं, हे कुणी वसईकडचे नाहीतर गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ असणार. पूर्ण नाव ऐकलं की मात्र माणूस थबकतो. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिली दोन नावं बायबलातली आणि तिसरं थेट अलिबाग तालुक्यातलं. हे गृहस्थ ज्यू होते, बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्यूंच्या जमातीतले.

आज या ‘चेऊलकर’ आडनावाबद्दल तुमच्याशी बोलणार आहे.

ज्यू आडनाव म्हटलं की आपल्याला कोहेन आणि लेवी आठवतात. कोहेन म्हणजे पुरोहित आणि लेवी म्हणजे मंदिरसेवेचा मान असलेल्या वंशातले. आजच्या इस्रायलमध्ये सर्वांत जास्त आढळणारी आडनावं हीच दोन. पण आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांत परंपरेने ना कोहेन, ना लेवी. इथे आहेत पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, थळकर, वाक्रुळकर. अशी ‘कर’वाली आडनावं शंभराहून जास्त आहेत. रायगडचा नकाशा समोर ठेवा आणि बोट फिरवत जा, जवळजवळ अख्खी जमात सापडेल.

गावावरून आडनाव घेणं हे काही फक्त आपल्याकडचं नाही. युरोपातल्या ज्यूंमध्ये बर्लिनर आहेत, वॉर्शावर आहेत, क्राकाउअर आहेत. जर्मनमधला तो शेवटचा ‘अर’ म्हणजे आपला ‘कर’च समजा. ग्रामोफोनच्या सपाट तबकडीचं पेटंट १८८७ साली घेणारे एमिल बर्लिनर ज्यू होते. आकाशवाणीवर इतकी वर्षं ज्या तबकड्या फिरल्या, त्यांचे जनक आडनावाने बर्लिनकर! विषय थोडा बाजूला गेला, पण रेडिओवर बोलताना त्यांचं नाव न घेता पुढे जाववेना.

तर चेऊल. चेऊल म्हणजे चौल, रेवदंड्याला लागून असलेलं, नारळी-पोफळीच्या वाड्यांत बुडालेलं. आज तिथून जाताना कुणाला वाटणारही नाही, की हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ आहे, अरब प्रवाशांच्या लिखाणात ‘सैमूर’, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘चेमूल’. चेमूलमधला ‘म’ विरला आणि चेऊल झालं. पुढे बोलता बोलता दोन स्वर एकमेकांत मिसळले आणि चौल झालं. आज एसटीच्या पाटीवर ‘चौल’ असतं, ग्रामपंचायतीच्या फलकावरही ‘चौल’च. मात्र जे घराणं हे नाव घेऊन गाव सोडून गेलं, त्याच्या आडनावात जुना उच्चार राहिला. डेव्हिड शेवटपर्यंत चेऊलकरच होते. किहीमचंही असंच. गाव किहीम आणि आडनाव केहीमकर.

आता एक साधा प्रश्न. किहीममध्ये राहणाऱ्याला किहीममध्ये कोण केहीमकर म्हणेल? तिथे तो अमक्याचा मुलगा, तमक्या आळीतला. बेने इस्रायलांना तर गावात एक वेगळीच ओळख होती: शनवार तेली. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, बैल सुटा. त्या दिवशी तेल मिळायचं नाही, हे गिऱ्हाइकालाही पाठ. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते शनिवारचं पाळणं, मुलाची सुंता आणि ‘शमा इस्रायल’ ही प्रार्थना. ही हकीकत किती जुनी यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते चालू राहतील. नवगावच्या स्मशानभूमीला मात्र जमात फार मानते.

‘कर’ लागतो तो गाव सुटल्यावर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी मुंबईला येऊ लागली. कुणी गोदीत, कुणी बांधकामात, बरेच जण कंपनी सरकारच्या पलटणीत. तिथे सामाजी एक नव्हता, दहा होते. मग कुठला सामाजी? दिवेकर. हा सामाजी हसाजी दिवेकर खराखुरा माणूस, हिब्रू नावाने सॅम्युएल एझिकिएल. म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला आणि १७९६ साली त्याने मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं केलं, शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. जमातीच्या बोलण्यात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची रीत होती. मशीद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून आल्याचं मानलं जातं.

त्याचं नाव पुन्हा एकदा बघा. सॅम्युएलचा सामाजी, एझिकिएलचा हसाजी, आणि वर दिवेकर. दिवेकर चित्पावनांतही आहेत. म्हणजे नुसत्या आडनावावरून माणूस मंगळागौरीला येणार की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने होणाऱ्या मलिद्याला, ते कळायचं नाही. ‘कर’ गाव सांगतो. त्यापुढचं काही विचारायचं असेल तर ते तोंडानेच विचारावं लागतं.

इंग्रजी शाळा आणि कचेऱ्या आल्या तशी उलटी गंमत झाली. पुष्कळांनी गाव गाळलं आणि बापाच्या किंवा आजोबाच्या नावालाच आडनाव केलं. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस घरचे राजपूरकर. महालक्ष्मीवरून वरळीला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, ‘डॉ. ई. मोझेस रोड’. रोज हजारो लोक तिथून जातात, पण पाटीवर राजपूरकर कुठेच नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात निराळाच प्रकार दिसतो. कामा हॉस्पिटलच्या त्या नामवंत प्रसूतितज्ज्ञ, १९६६च्या पद्मश्री. झिराड हे अलिबागजवळचं गाव. इथे ‘कर’ गळून पडला आणि गाव तेवढं राहिलं.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपलं आडनाव मात्र पूर्णच ठेवलं. मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी १८७५ साली शाळा काढण्यात ते पुढे होते. जमातीचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ साली आणि तोही तेल अवीवमध्ये. किहीमच्या माणसाचं पुस्तक किहीमहून इतक्या लांब प्रसिद्ध झालं, आणि काही वर्षांनी त्याच वाटेने जमातही निघाली.

१९४८च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीसेक हजार होते. २०११च्या जनगणनेत देशभरात सगळे मिळून ज्यू ४,६५०, त्यांतले महाराष्ट्रात २,४६६. बाकी पेणकर, रोहेकर शोधायचे तर अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बेरशेबा अशा इस्रायलमधल्या गावांकडे जायला हवं. तिथे दारावर ‘कर’ दिसला की शेजारी ओळखतात, हे हिंदुस्थानातले. ही ओळख नेहमीच सुखाची होती असंही नाही. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्ननोंदणीच्या वेळी बेने इस्रायलांच्या मागच्या पिढ्या तपासायचा हुकूम काढला. तुम्ही पक्के ज्यू कशावरून? ज्यांनी कोकणात शनिवारचा घाणा कधी चालवला नाही, त्यांना हा प्रश्न. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, आणि १९६४ साली धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

मी नवगावच्या स्मशानभूमीत एकदा दुपारचा थांबलो होतो. आजूबाजूला झाडं, दगडांवर शेवाळ. अशा दगडांवर वर हिब्रू ओळ असते, खाली मराठी. हिब्रू मला वाचता येत नाही. खालच्या ओळीत मात्र नाव, बापाचं नाव आणि गाव असतं, तेवढं बोट फिरवून लागलं. देवनागरीत ‘चेऊलकर’ लिहिलं की चेऊलकरच वाचावं लागतं, दुसरं काही वाचताच येत नाही.

हिब्रूत तशी सोय नाही. ‘च’ला तिथे स्वतःचं अक्षर नाही. ‘त्स’च्या शेजारी एक छोटी तिरकी रेघ देऊन भागवतात. आणि रोजच्या लिखाणात बरेचसे स्वर लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते मनाने भरायचे. म्हणजे अश्दोदच्या एखाद्या बँकेत कारकुनाने हे आडनाव पुकारलं, तर तो चौलकर म्हणेल, चेऊलकर म्हणेल, नाहीतर तिसरंच काहीतरी. बरोबर कोणतं, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या आजीने सांगून ठेवलेलं असलं तर.

नमस्कार.