ठिपका खाली, गळती वर

नमस्कार. जुन्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळायला लागलं तर घरच्या घरी काय करता येतं, यावर आज बोलायचं आहे. बरंच करता येतं. जुन्या इंजिनाभोवती हात घालायला जागा असते, पाइप आणि क्लिपा डोळ्यांना दिसतात, पान्याला फिरायला वाव असतो. गाडं अडतं ते घाईपायी. सकाळी गाडीखाली हिरवा नाहीतर गुलाबी ठिपका दिसतो, आपण वाकून बरोबर त्याच्या वर बघतो आणि जे ओलं दिसेल ते बदलायला घेतो. पण कूलंट सरळ खाली पडेलच असं नाही. वरच्या पाइपाच्या तोंडातून निघालेला थेंब इंजिनाच्या ब्लॉकवरून ओघळतो, एखाद्या ब्रॅकेटवर साठतो आणि भलतीकडेच टपकतो. गाडी चालू असली तर वारा त्याला आणखी मागे नेतो. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की आधी गळतीचं तोंड शोधा, मग पाना हातात घ्या.

त्यासाठी आतलं प्रेशर समजून घ्यायला हवं. रेडिएटर कॅपमधली स्प्रिंग साधारण 0.9 ते 1.1 बारपर्यंत दाब अडवून धरते. उघड्यावर 100 अंशांना उकळणारं पाणी एक बार जादा दाबाखाली 120 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा 129 अंशांच्या आसपास जाते. गरम इंजिनाची कॅप फिरवणं म्हणजे वाफ न सोडता कुकरचं झाकण उघडणं. दाब गेला की 110 अंशांवरचं द्रव तत्क्षणी उकळतं आणि सरळ तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो, असं म्हणणारे भेटतात. मी म्हणतो, उघडूच नका. वरचा पाइप मुठीत आरामात धरता आला आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच कॅपला हात लावा. शिवाय काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलेली बरी.

आता तपासणी. हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळतो, तो कॅपच्या जागी बसतो. इंजिन थंड असताना कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत पंप मारा. त्याच्या पुढे जाऊ नका, जुना रेडिएटर तेवढ्यानेही फुटतो. पंधरा मिनिटं थांबा. काटा घसरत असेल तर टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. इथे पंखा नाही, वारा नाही, वाफ नाही. थेंब जिथून निघतो तिथेच दिसतो. टेस्टर नसेल तर वाळलेला पापुद्रा शोधा. कूलंट उडून गेलं तरी मागे पांढरट किंवा रंगीत खरवड राहते, आणि तिचा माग वर वर नेला की बहुतेक वेळा मूळ सापडतं. काही गळत्या मात्र फक्त थंडीत होतात. रबर आणि धातू आकसले की ढिल्या क्लिपेखालून पाझर सुरू होतो, आणि इंजिन तापलं की आपोआप बंद होतो. अशी गाडी दुपारी कोणालाही दाखवा, ठणठणीत निघते.

काटा पडतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची जाळी. आत गोडसर वास, काचेवर पुसली तरी परत येणारा तेलकट पडदा आणि समोरच्या सीटपुढचं मॅटिंग दमट, ही तिची लक्षणं. दुसरी शक्यता इंजिनाच्या पोटातली, तिच्याकडे नंतर येतो.

त्याआधी कॅप. लोक तिला नुसतं झाकण समजतात. तिचं रबर वाळलं किंवा स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही, कूलंट रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीत ढकललं जातं, तिथून बाहेर पडतं, आणि लगेच हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचं निदान होतं! कॅपमध्ये आणखी एक छोटा उलटा वॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं कूलंट परत आत घेतो. तो अडकला तर सकाळी वरचा पाइप चपटा होऊन आत ओढलेला दिसतो. पाइप बदलून हे जाणार नाही, कॅप बदला.

सगळ्यात जास्त वेळा गळतात ते पाइप, आणि नीट न बदलल्यामुळे तेच पुन्हा गळतात. जुना रबरी पाइप ज्या नळीच्या तोंडावर चढवलेला असतो, तिला चिकटून बसतो. तो पिळून, ओढून, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढू नका, कारण रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी किंवा हीटरची पातळ नळी त्या ओढाताणीत मोडते. पाइप बदलायचाच आहे, तर त्याला धारदार पात्याने लांबीच्या दिशेने चीर द्या. धार नळीवर टेकवू नका, शेवटचा पदर बोटांनी फाडा. मग नळीकडे निरखून बघा. टोकाला एक उंचवटा असतो, आणि त्याच्या मागे पांढरा क्षार किंवा जुन्या रबराची पुटं बसलेली असतात. नव्या पाइपाखालून पाणी याच पुटांमधून वाट काढतं. धातूची नळी बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा, लांबीच्या दिशेने घासू नका. उभ्या ओरखड्यातून पाझर चालू राहतो. प्लॅस्टिकची नळी फडक्याने आणि नखानेच स्वच्छ करा. पाइप सरकायला थोडं कूलंट लावा. ग्रीस नको, तेल नको, ती रबर खातात. क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. आणि आवळताना हात आखडता घ्या. रबर क्लिपेच्या फटींतून वर फुगून आलं की जास्त झालं. कंपनीने बसवलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा शाबूत असतील तर त्याच परत लावा. पाइप तापून-निवून फुगतो-आकसतो तशा त्याही मागेपुढे होतात, स्क्रूच्या क्लिपेला ते जमत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप; तिच्या घराचं गॅस्केट हे त्यामानाने सोपं काम. बोल्ट मात्र आलटून पालटून आवळा. जुन्या ॲल्युमिनियमचे आटे जरा जोर लागला तरी जातात.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथून थेंब आला की ते इपॉक्सीने बुजवणारे हुशार लोक आहेत. (मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, म्हणजे ओळखीचे असावेत.) ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, हा त्याचा हेतू. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग जाम होतं आणि बेल्ट जातो. तिथे ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरले. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर पंपासोबत बेल्टही नवा टाका. दोन्हीसाठी तीच उघडझाक करावी लागते.

बाटलीतून ओतायची गळती थांबवणारी औषधं मला आवडत नाहीत. ती बारीक भेगा बुजवतात हे खरं, पण हीटरच्या जाळीतल्या नळ्याही तितक्याच बारीक असतात. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचं असेल तर ठीक. एरवी नको.

आता पोटातली गळती, म्हणजे बहुधा हेड गॅस्केटची. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा; ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस; रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यातलं एक दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही फेस येतो. खात्रीसाठी एक निळं रसायन मिळतं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि त्यात जळलेला वायू असला की ते पिवळं होतं. ते पिवळं झालं तर मी तुम्हाला घरी थांबायला सांगेन. हेड सपाट आहे का हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघावं लागतं, आणि तिथे चालणारा बाक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचे असतात, आणि बऱ्याच इंजिनांत ते नवेच घालावे लागतात.

काढलेलं कूलंट पसरट भांड्यात धरा आणि लगेच झाकून ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलेट होतं, त्याचे खडे मूत्रपिंडात साठतात आणि जनावर दगावतं. ते गटारात ओतायचं नाही, बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे विचारा. नवं भरताना नळाचं पाणी टाळा, त्यातले क्षार आत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आणि रंगावर जाऊ नका. दोन वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधकपणा कमी होतो, कधी कधी गाळही धरतो. कोणती जात हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

भरताना हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून धार सावकाश सोडा. इंजिन तापताना डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चढतोय आणि हीटर मात्र थंडच वारा फेकतोय, असं दिसलं तर आत हवा अडकली आहे. इंजिन लगेच बंद करा, निवू द्या, परत भरा. सगळं ठीक वाटलं की जादा कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना बघा. पहिल्या फेरीनंतर पातळी थोडी उतरणारच, उरलेली हवा निघून जाते. तेवढं भरा आणि नवी रेघ मारा. त्यानंतरही पातळी उतरत राहिली, तर नवा पाइप आणायला जाण्याआधी टेस्टर पुन्हा लावा.