वाळूमाशी कोणत्या मजल्यावर राहते?

तुमच्यापैकी बहुतेकांनी वाळूमाशी पाहिली नसेल. पाहिली असेल तर चिलट समजून झटकली असेल. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर केस, बसली की दोन्ही पंख व्ही अक्षरासारखे वर. डासासारखी कानाशी गुणगुणत नाही. उडते तीही टुणटुण उड्या मारल्यासारखी. अंडी पाण्यात घालत नाही. ओलसर मातीत, कुजक्या पाल्यात घालते, त्यामुळे डबकी बुजवून तिचं काही बिघडत नाही. चावते फक्त मादी.

जगभरात तिच्या सुमारे 1000 जाती नोंदल्या गेल्यात. त्यांतल्या लेश्मानिया हा परजीवी (कातडीवर जखमा करणारा किंवा काळा आजार आणणारा सूक्ष्मजीव) माणसापर्यंत पोचवणाऱ्या शंभराच्या आसपास. बाकीच्यांपैकी कित्येकींना आपलं रक्त नकोच असतं, तर काहींच्या आतड्यात परजीवी तगत नाही. म्हणून ‘अमुक जंगलात इतक्या जाती सापडल्या’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, सापडल्या कुठे? जमिनीलगत, खोडावर, की शेंड्याला?

अ‍ॅमेझॉनचं जंगल ही बहुमजली वस्ती आहे. तळमजल्यावर लुट्झोमिया फ्लेव्हिस्क्युटेलाटा ही वाळूमाशी. ती उंदीरवर्गीय प्राण्यांचं रक्त पिते, त्यांच्यातला लेश्मानिया अ‍ॅमेझोनेन्सिस त्यांच्यातच फिरवत राहते आणि माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. लुट्झोमिया अंब्राटिलिसचं तसं नाही. (नव्या वर्गीकरणात हिला निसोमिया म्हणतात. लुट्झोमियाचे इतके तुकडे झालेत की जुने शोधनिबंध वाचताना डोकं गरगरतं.) ती शेंड्याकडे स्लॉथच्या (फांद्यांना उलटा लटकणाऱ्या संथ प्राण्याच्या) रक्तावर जगते आणि त्याच्याकडून लेश्मानिया गयानेन्सिस उचलते. स्लॉथच्या कातडीवर बहुधा काहीच दिसत नाही. पण ही माशी विसाव्याला खाली उतरून मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर बसते. सकाळी कुणी करवत घेऊन आला, खोडाला हात लागला, की त्या उठतात आणि समोरच्या माणसाला चावतात. लाकूडतोडे, रस्त्याचे मजूर, सैनिक यांच्या अंगावर जखमा का दिसतात, हे त्यावरून कळावं.

जात ओळखणं हे मात्र डोळे फोडणारं काम. रात्रभर लावलेल्या प्रकाश-सापळ्याची जाळीची पिशवी सकाळी आणायची, जिवंत मादी सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची आणि दोन बारीक सुयांनी पोटाचं शेवटचं टोक अलगद ओढायचं. आतडं बाहेर येतं आणि त्याबरोबर शुक्रकोश, म्हणजे नराचं वीर्य साठवणारी पिशवीही. आतड्यात वळवळणारे शेपटीवाले परजीवी दिसले तर माशी बाधित. शुक्रकोशाच्या आकारावरून ती कोण ते समजतं. हल्ली बरेच जण माशी कुटून पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी करतात. जलद होतं, पण त्यावरून कुणाला वाहक ठरवणं मला पटत नाही. बाधित प्राण्याचं रक्त नुकतंच प्यायलेल्या कुठल्याही माशीत परजीवीचा डीएनए सापडणारच. रक्त पचून गेल्यावरही परजीवी आत वाढतोय का आणि पुढच्या चाव्यातून उतरतोय का, हे दाखवावं लागतं. काळ्या आजाराच्या बाबतीत फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या आपल्याकडच्या वाळूमाशीवरचा तो शेवटचा पुरावा 1942 साली भारतात मिळाला, तोही स्वयंसेवकांना माश्या चाववून. आज अशा प्रयोगाला कोण परवानगी देईल?

जंगल तोडलं की रोग संपेल, असं काहींना वाटतं. अंब्राटिलिस हटते, हे खरं. तिला मोठी झाडं लागतात. पण व्हिटमनाय आणि इंटरमीडिया या जाती उरलेल्या झाडीत, मळ्यांत, कोंबड्यांच्या खुराड्यांत मजेत राहतात. जातींची संख्या घटते, चावे घटतीलच असं नाही. त्यांच्याकडून पसरणारा लेश्मानिया ब्राझिलिएन्सिस तर कातडीवरची जखम भरल्यावर वर्षांनी नाकाची कूर्चा खाऊ शकतो.

म्हणून फवारणीचा एकच साचा चालत नाही. अर्जेंटिपेस घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर विसावते, तिथे आत फवारणं उपयोगी पडतं. अंब्राटिलिससाठी घरातल्या भिंती फवारून काय होणार? ब्राझीलमधल्या मानाउस शहराच्या वेशीवरच्या जंगलात झाडांचे बुंधेच फवारून पाहण्याचा प्रयोग झाला तो त्यामुळेच. आणि ब्राझीलमधल्याच काराजासच्या डोंगरांत वेलकमाय ही जात दिवसाढवळ्याही चावते. तिथे रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवून भागत नाही.