गॅस अ‍ॅनालायझरचा बिघाड: प्रोबपासून बेंचपर्यंत

पीयूसी केंद्रावरचा गॅस अ‍ॅनालायझर दुरुस्तीला आला की मालकाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, ‘साहेब, बेंच गेलाय.’ ज्या नळकांड्यातून अवरक्त किरण आणि गाडीचा धूर दोन्ही जातात ते नळकांडे, दिवा आणि डिटेक्टर यांना मिळून बेंच म्हणतात. यंत्रातला तो सर्वांत महाग भाग असतो आणि माझ्या अनुभवात दोष तिथे क्वचितच निघतो. म्हणून आज मी सायलेन्सरमध्ये जाणाऱ्या प्रोबच्या टोकापासून सुरुवात करणार आहे.

कार्बन मोनॉक्साइड साधारण ४.७, कार्बन डायऑक्साइड ४.३ आणि हायड्रोकार्बन ३.४ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास अवरक्त किरण शोषून घेतात आणि त्या शोषणावरून यंत्र त्यांचे प्रमाण ठरवते. ऑक्सिजन तसा मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा विद्युत-रासायनिक सेल बसवलेला असतो. दुरुस्तीला हा सेल फार उपयोगी पडतो, कारण त्याचा प्रमाणित वायू, म्हणजे यंत्राचा आकडा पडताळायला लागणारा ठाऊक प्रमाणाचा वायू, फुकट मिळतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो.

एका केंद्रावर जुन्या गाड्याही सहज पास होऊ लागल्या होत्या. सुस्थितीतली एक पेट्रोल गाडी लावली, तेव्हा कार्बन डायऑक्साइड ११.८ आणि ऑक्सिजन ४.२ टक्के दिसला. अशा गाडीत पहिला आकडा साडेचौदाच्या आसपास आणि दुसरा एकच्या आत हवा. (सीएनजीवर कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी येतो, तेव्हा इंधन कोणते हे आधी विचारून घ्यावे.) ४.२ म्हणजे २०.९ चा पाचवा भाग. अर्थात नमुन्यात पाचवा हिस्सा बाहेरची हवा मिसळत होती, आणि बीएस-४ गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के असताना ०.३६ टक्के सोडणारी गाडी त्या यंत्रावर ०.२९ दाखवून सुटत होती. गळती गाडीच्या सायलेन्सरलाही असू शकते, म्हणून प्रोब बाहेर काढून त्याची सगळी छिद्रे मुठीत दाबून धरली. पंपाचा आवाज जड होऊन ‘लो फ्लो’ची सूचना यायला हवी होती, पण पंप मजेत चालत राहिला. मग नळी यंत्राच्या तोंडाशी दुमडली, तरी तेच. फिल्टरच्या पुढे, पंपाच्या बाजूला दुमडली तेव्हा मात्र आवाज बदलला. फिल्टरच्या वाटीची ओ-रिंग काढून पाहिली तर ती चपटी होऊन एका जागी चिरली होती. रिंग बदलली आणि काम झाले.

पावसाळ्यात पाण्याचा सापळा भरून फिल्टर भिजतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून फसवा प्रकार म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले इंधन. स्वच्छ हवा प्रोबमधून ओढली तरी हायड्रोकार्बन साठ-सत्तर पीपीएमच्या खाली उतरत नसेल, तर झिरो पुन्हापुन्हा मारून, म्हणजे यंत्राचा आकडा शून्यावर आणून, उपयोग नाही. नळी सोडवून कोरड्या हवेने फुंकावी, नाहीच जमले तर बदलावी.

ऑक्सिजनचा सेल मात्र खरोखर झिजतो. त्याच्या आतले शिसे यंत्र बंद असतानाही हवेने हळूहळू खर्ची पडते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत त्याचा व्होल्टेज इतका उतरतो की कॅलिब्रेशन स्वीकारले जात नाही. अशा वेळी बोर्डाला हात लावण्याआधी सेल बदलून पाहावा.

शेवटी स्पॅन गॅसबद्दल, म्हणजे यंत्राचा वरचा आकडा (स्पॅन) जुळवायला वापरतात त्या ठाऊक प्रमाणाच्या वायूबद्दल. सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो आणि यंत्र हायड्रोकार्बन हेक्झेनच्या रूपात दाखवते. दोघांमधला गुणक साधारण ०.५ असतो आणि नेमका आकडा यंत्रावर किंवा बेंचवर लिहिलेला असतो. एका तंत्रज्ञाने २००० पीपीएमच्या सिलिंडरवर यंत्र १००० दाखवते म्हणून स्पॅन वाढवून पडद्यावर २००० आणले, आणि दुसऱ्या दिवसापासून चांगल्या गाड्याही नापास होऊ लागल्या. ते आकडे जागेवर आणण्यात माझा अर्धा दिवस गेला. मूळ यंत्रात बिघाड काहीच नव्हता.