जुन्या गाडीचे ब्रेक आणि आपले घाट

नमस्कार श्रोतेहो.

साताऱ्यातून पश्चिमेकडे तोंड करून निघालं की घाट चुकत नाही. कासला जायचं तर यवतेश्वरचा, महाबळेश्वरहून मेढ्याला उतरायचं तर केळघरचा, कराडहून कोकणात जायचं तर कुंभार्लीचा. म्हणून पंधरा-वीस वर्षांची गाडी जपणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांशी आज ब्रेकविषयी बोलायचं आहे, आणि तेही खिशाला झेपेल असं.

पसरणी घाटाचं उदाहरण घेऊ. पाचगणी साधारण 1300 मीटर उंचीवर, वाई 700 च्या आसपास. म्हणजे टनभर वजनाची गाडी आपण 600 मीटर खाली आणतो. यात जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढीत सुमारे 18 लिटर पाण्याला उकळी येईल. ताशी 80 किलोमीटरने धावणारी तीच गाडी एकदा थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या जवळपास चोवीसपट ही भरते. थोडी वारा आणि टायर खातात, बरीचशी इंजिनाने खायला हवी. उरते ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते.

हे लक्षात ठेवलं की पैसे आधी कुठे घालायचे ते आपोआप समजतं. पुष्कळ जण विचारतात, पुढे मोठ्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, बसवू का, मागचे ड्रम, म्हणजे गोल डब्यासारखे ब्रेक, काढून डिस्क करू का? मी म्हणतो, आधी पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल बघा. शेवटचं कधी बदललं ते आठवतं का? बहुतेकांना आठवत नाही, कारण ऑइल कमी झालं की वरून ओतायचं एवढंच आपण करतो. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने पावसाचे. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 ची तर 140 वर. घाटात कॅलिपर, म्हणजे पॅडचे ठोकळे डिस्कवर दाबणारा भाग, तापला, आतलं ऑइल उकळलं, की वाफ होते. वाफ दाबली जाते, पॅडपर्यंत जोर पोचत नाही, आणि पेडल थेट तळाला जातं. अशा वेळी डिस्क कितीही मोठी असली तरी उपयोग शून्य.

दर दोन वर्षांनी सगळं जुनं ऑइल काढून, नवीन भरायचं, आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढायची. काही शे रुपयांचं ऑइल आणि मजुरी. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलं असेल तर डॉट 4 चालतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. सीलबंद छोटी बाटली घ्या, गॅरेजमध्ये महिनाभर उघडा पडलेला डबा नको. आणि गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उखडतो.

त्याच दिवशी चाकांजवळचे रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या, बघून घ्या. वाकवल्यावर भेगा दिसल्या की बदला. जुना होज दाब आला की फुगतो, आणि पेडल स्पंजासारखं लागतं.

आता दोन तपासण्या, बिनपैशाच्या. गाडी बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. मग पाय तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, सील गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे, गाडी घाटात नेऊ नका.

पॅड घेताना स्वस्त डुप्लिकेट टाळा, एवढंच सांगतो. बऱ्याच पॅडच्या कडेला इंग्रजी दोन अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई पेक्षा एफ चांगलं. रेसिंगचे पॅड मात्र आपल्या कामाचे नाहीत, ते तापल्याशिवाय धरत नाहीत. पॅड बदलताना कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला सांगा. पिन अडकली की एकच पॅड झिजतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

मागच्या ड्रमकडे कोणी बघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ड्रममधला व्हील सिलिंडर पाझरला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारं अस्तर, ऑइलने भिजतो आणि ते चाक धरायचं सोडून देतं. ड्रम उघडा, लायनर आणि सिलिंडर बघा, लायनर आणि ड्रममधलं अंतर ठेवणारा ॲडजस्टर नीट करा. हँडब्रेकही त्यातच सुधारतो. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

आणि मोठ्या डिस्क? त्यांच्याबरोबर कॅलिपरचा पिस्टनही मोठा आला की जुन्या मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल खोल जातं. पुढच्या-मागच्या चाकांतला तोल कंपनीने बसवलेला असतो. तो बिघडून मागची चाकं आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. शिवाय कंपनीच्या रचनेत मनाने बदल करायला कायद्याचीही आडकाठी आहे. ते पैसे टायरला घाला. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की तो संपला, आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, तेही वाचा.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की उतार आणि वळण एकदमच येतं. तिथे, आणि कुठल्याही घाटात, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, म्हणजे वाचतही काही नाही. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. कासच्या फुलांच्या हंगामात गाड्यांची रांग लागते, तेव्हा पाय ब्रेकवर टेकवून ठेवण्यापेक्षा पहिला-दुसरा गिअर कामाला लावा.

नवीन पॅड लावले की लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ताशी 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ देत. पॅड डिस्कवर बसतात. घरी आल्यावर चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते टॉर्चने बघा, ऑइलची पातळी बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा.

नमस्कार.