किल्ली कोणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या हातातल्या यंत्राची किल्ली कंपनीकडे असावी की आपल्याकडे, यावर आज बोलायचं आहे.

१९९३ साल उजाडलं तेव्हा इंटरनेटवरची माहिती शोधून वाचण्याच्या दोन पद्धती एकमेकींच्या शेजारी वाढत होत्या. एक गोफर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दोन वर्षांपूर्वी जन्मलेली, वापरायला सोपी आणि बऱ्यापैकी पसरलेली. दुसरी वर्ल्ड वाइड वेब. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती उभी केली होती. त्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठानं जाहीर केलं, की आमचं गोफर सर्व्हरचं सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरायचं तर परवाना शुल्क भरावं लागेल. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं नेमकं उलट केलं. वेबच्या मूळ सॉफ्टवेअरवरचा आपला हक्क सोडून ते सर्वांसाठी खुलं केलं. वापरा, बदला, वाटा, कुणाला विचारायला नको.

पुढे काय झालं, ते आपण रोज वापरतोच आहोत. वेब जिंकण्यामागे आणखीही कारणं होती. मजकुरासोबत चित्रं दाखवणारा मोझेक ब्राउझर त्याच वर्षी आला आणि लोकांना तो फार आवडला. पण जरा विचार करा, हा ब्राउझर सर्नमध्ये बनलेला नव्हता. तो बनवला अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका संस्थेतल्या तरुणांनी, कारण वेबवर काहीही बांधायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते आपोआप मोकळं उगवलेलं नाही. कुणीतरी हातातला हक्क जाणूनबुजून सोडला, म्हणून ते मोकळं राहिलं.

कधीकधी तो हक्क सोडायला भाग पाडावं लागलं. अमेरिकेत टेलिफोनचं जाळं एटी अँड टी या कंपनीच्या मुठीत होतं. घरातला फोनसुद्धा कंपनीचाच, आपण फक्त भाडं भरायचं. त्याला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायला मनाई. बोलणं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाला बसवायची एक साधी वाटी होती, हश-अ-फोन नावाची. त्यात ना तार, ना वीज. तिच्यावरही कंपनीनं आक्षेप घेतला, आणि १९५६ साली न्यायालयानं वाटीच्या बाजूनं निकाल दिला. मग टेक्सासच्या टॉम कार्टर यांचं कार्टरफोन हे उपकरण आलं. ते टेलिफोनचं बोलणं वायरलेसवरच्या माणसापर्यंत पोचवायचं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं निर्णय दिला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकानं आपलं उपकरण जोडावं. त्या एका निर्णयानं दार उघडलं आणि त्यातून उत्तर नोंदवणारी यंत्रं आली, टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारे मोडेम आले. मोडेम नसता तर घरबसल्या संगणक एकमेकांशी बोलले असते कसे? आयोगासमोर सुनावणी चालली होती एका रेडिओजोडणीची. त्यातून काय निघणार आहे, याची कल्पना तिथल्या कुणालाही असणं शक्य नव्हतं. मोकळेपणाचा खरा फायदा असा आधी सांगता येत नाही, म्हणून त्याची बाजू मांडणं नेहमीच अवघड जातं.

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर वजनदार आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्यानं सोडलेला एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरत गेला. सुमारे ६,००० संगणक त्यानं जेरीला आणले, असा त्या वेळचा अंदाज होता. सगळ्या जाळ्याला जोडलेले संगणकच तेव्हा सुमारे ६०,००० मानले जात होते. ज्या दारातून कुणीही चांगलं आणू शकतो, त्याच दारातून कुणीही वाईटही आणतो. नंतरची कित्येक वर्षं व्हायरस, फसव्या ई-मेल, पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम यांनी माणसं हैराण झाली. म्हणून २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्यावर बाहेरच्यांचं एकही अ‍ॅप घालता येत नव्हतं. २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं, पण आत काय येईल हे कंपनी ठरवणार. लोकांनी ते आनंदानं स्वीकारलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याला तंत्रातलं काही कळत नाही, त्यालाही निर्धास्तपणे वापरता येईल असं यंत्र मिळालं, ही साधी गोष्ट नव्हे.

बाहेरचं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या या कुलपाला माझा आक्षेप नाहीच. घराला कुलूप सगळेच लावतात, पण किल्ली घरमालकाकडे असते. फोनचं तसं नाही. विकणारी कंपनी दूरवर बसून आपल्या हातातल्या वस्तूत फेरफार करू शकते. २००९ साली अ‍ॅमेझॉननं, विक्रेत्याकडे हक्क नव्हते या कारणानं, दोन कादंबऱ्या वाचकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण मला त्या माफीपेक्षा ते करता आलं, हे जास्त खटकतं. जी कळ कंपनीला दाबता येते, ती उद्या सरकार तिला दाबायला लावू शकतं.

आणि बंदिस्तपणा आता यंत्रापुरता उरलेला नाही. ई-मेलचे नियम १९८२ मध्ये जाहीरपणे लिहिले गेले, म्हणून एका कंपनीचा पत्ता असणारा दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर आजही पत्र पाठवतो. त्यानंतर आलेल्या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये हे सहसा जमत नाही. सगळे तिथे आहेत म्हणून आपण तिथे, आणि आपण तिथे आहोत म्हणून बाकीचेही हलत नाहीत. दुसरं कितीही चांगलं अ‍ॅप आलं तरी उपयोग शून्य. युरोपीय संघानं डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट करून यालाच हात घातला. मार्च २०२४ पासून त्यानं बड्या कंपन्यांवर दुसऱ्या अ‍ॅप स्टोअरला वाट देण्याचं, आणि मोठ्या मेसेजिंग सेवांवर इतरांशी संवाद जुळवण्याचं बंधन घातलं. कंपन्या सुरक्षिततेचं कारण पुढे करतात. त्यातलं थोडं खरं आहे, पण कार्टरच्या वेळीही जाळ्याला अपाय होईल हाच युक्तिवाद होता. त्यावरचा उपाय मनाई नव्हता. कुठलं उपकरण जोडावं याचे तांत्रिक निकष लिहिले गेले, आणि ते पाळणाऱ्या कुणालाही वाट मिळाली.

मला हाच रस्ता फोनसाठीही हवा आहे. विकताना कुलूप लावा, ज्यांना ते हवं त्यांच्यासाठी ते तसंच राहू द्या. पण ज्याला काढायचंय, त्याला धोके स्पष्ट सांगून काढू द्या. आणि ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचे सुरक्षा-अपडेट थांबवते, त्या दिवशी तिनं त्याचं कुलूप उघडून दिलंच पाहिजे, असा कायदा व्हावा. चांगला चाललेला फोन केवळ कंपनीनं हात झटकले म्हणून कचऱ्यात जातो. त्यावर दुसरं सॉफ्टवेअर घालून तो आणखी काही वर्षं चालवणारी माणसं जगभर आहेत, स्वतःच्या वेळात, फुकट काम करणारी. त्यांची अडचण अनेकदा कौशल्याची नसते, कुलपाची असते.