तुम्ही होता, पण सिस्टिममध्ये नव्हता

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘हायब्रिड कार्यपद्धती आणि कर्मचाऱ्याची कामगिरी’. हायब्रिड म्हणजे काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. माझं म्हणणं एवढंच, की हजेरी वेगळी आणि काम वेगळं. आपल्याकडे मोजतात हजेरी आणि मार्क देतात कामाचे. त्याआधी एक किस्सा.

मी कोथरूडचा, ऑफिस हिंजवडीला. हसू नका, इथले निम्मे त्याच रस्त्यावर पोळलेत. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं, असं फर्मान निघालं. एका मंगळवारी आठला निघालो. चांदणी चौक सुटला, म्हटलं जमलं. वाकडला पुलापाशी पाऊण तास! तिथेच डब्यातली एक पोळी खाल्ली. दुपारची. गेटवर पोचतो तर कार्ड घरी, कालच्या पँटच्या खिशात. सिक्युरिटीवाल्यानं वहीत नाव लिहून तात्पुरतं कार्ड दिलं. मग हेडफोन लावून दिवसभर बोललो कुणाशी? एक बंगळुरूला, दोघं नागपूरला. शेजारच्या खुर्चीत मॅनेजर, तोही त्याच कॉलवर. त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं, आधी खुर्चीतून, मग हेडफोनमधून.

महिनाअखेर हजेरीचा तक्ता आला. माझा मंगळवार लाल! मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, “सर, तुम्ही होता, मला माहितीये. पण सिस्टिममध्ये नव्हता.” आमच्यातला एक पठ्ठ्या वाकडलाच राहायचा. सकाळी कार्ड लावायचं, चहा प्यायचा, घरी. त्याचा महिना हिरवागार. काम चोख करायचा हं, घरी बसून. माझा राग त्याच्यावर नाही, त्या तक्त्यावर आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळवतो.

आता माझ्या तक्त्यापलीकडचा पुरावा. शांघायची ट्रिप डॉट कॉम, प्रवासाची बुकिंग करणारी कंपनी. २०२१-२२ मध्ये स्टॅनफोर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींनी तिथल्या १,६१२ कर्मचाऱ्यांची विभागणी केली ती जन्मतारखेवरून, सम की विषम. वशिला चालणार कुठे? निम्म्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम, सहा महिने. पुढची दोन वर्षं कामाचे शेरे पाहिले, बढत्या पाहिल्या. फरक नाही. राजीनामे मात्र तिसऱ्या हिश्शानं घटले. त्यातही कुणाचे? बायकांचे, आणि लांबून येणाऱ्यांचे. मॅनेजरांना आधी वाटत होतं, काम २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले, उलट एक टक्का वाढतं.

याच कंपनीत २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरवर प्रयोग झाला होता, चार दिवस घरी, एक दिवस ऑफिसात. काम १३ टक्के वाढलं. त्यातलं बरंचसं कशानं, तर सुट्ट्या आणि मधली उठबस कमी झाली म्हणून. पण तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसवाल्यांपेक्षा घरून करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. दृष्टिआड सृष्टी! लाल मंगळवार तिथेही होता, फक्त तक्ता नव्हता.

हो हो, थांबतो. प्रश्न चहावर घेऊ.