चार ओळींची बातमी

(दृश्य: मुंबईतला फोर्ट, रात्र. रिकामा रस्ता, वरच्या मजल्यावर दिवे.)

रात्रीचे साडेनऊ. दैनिकाच्या डेस्कवर क्राइमची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली आहे, दीडशे शब्दांची. विषय: एका मुलीवर झालेला लैंगिक अत्याचार. ही बातमी आम्ही चित्रणासाठी तयार केली आहे, त्यातली मुलगी खरी नाही. तिच्या बातमीवर पुढे जे काम होतं, ते मात्र प्रत्येक दैनिकात रोज व्हायला हवं.

(दृश्य: स्क्रीन, सरकणारा कर्सर.)

मजकुरात मुलीचं नाव नाही. पण वय १२ आहे. ती सातवीत शिकते. मध्य मुंबईतल्या बीडीडी चाळीच्या इमारतीचा क्रमांक आहे. वडील टॅक्सी चालवतात. अटक झालेला तिचा मामा आहे, आणि त्याचं नाव आडनावासकट छापायला दिलं आहे.

बीडीडीच्या एका इमारतीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर २० खोल्या. एकूण ८०. या ८० घरांत सातवीतल्या मुली किती? त्यातल्या टॅक्सीवाल्याची कोणती? सार्वजनिक नळावर उभ्या असलेल्या बाईला हे कोडं सोडवायला अर्धं मिनिट लागत नाही. एकेक तपशील निरुपद्रवी असतो, ओळख त्यांच्या बेरजेतून फुटते. म्हणून डेस्कवरच्या माणसाने कॉपी दोनदा वाचायची: एकदा वाचक म्हणून, एकदा शेजारी म्हणून.

(दृश्य: ओळी एकेक करून पुसल्या जातात.)

आधी इमारत जाते. मग इयत्ता, मग वडिलांचा धंदा. १२ वर्षांच्या जागी ‘अल्पवयीन’ येतं. ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोगही जातो, कारण लुटलं जाण्यासारखं मुलीचं काही नसतं, दोष गुन्हा करणाऱ्याचा असतो. तिथे ‘लैंगिक अत्याचार’ असं सरळ लिहायचं.

सर्वांत अवघड जागा आरोपीच्या नावाची. बातमीदाराने ते मेहनतीने मिळवलेलं असतं आणि वाचकालाही ते हवं असतं. पण मामाचं नाव छापलं की भाची कळली. समजा, एका पेपरने नाव दिलं आणि नातं गाळलं, दुसऱ्याने नातं दिलं आणि नाव गाळलं. दोघांनाही वाटतं, आपण नियम पाळला. नाक्यावरच्या मोफत वाचनालयात ते दोन्ही पेपर एकाच बाकावर पडलेले असतात. त्यामुळे आरोपी घरातला असेल, तर नाव आणि नातं दोन्ही सोडावं. ‘परिचित व्यक्तीस अटक’ एवढं पुरतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर हे सगळं छापायला मनाई करतं. विशेष न्यायालयाने मुलाच्या हितासाठी परवानगी दिली, तरच अपवाद. जबाबदारी प्रकाशक आणि मालकापर्यंत जाते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात बजावलं, की दुरूनही ओळख पटेल असा तपशील देता येणार नाही.

(दृश्य: फोटो विभाग. चाळीच्या गॅलरीचं छायाचित्र.)

आता फोटो. डोळ्यांवरची काळी पट्टी अनोळखी माणसाला फसवते, ओळखीच्याला नाही. वेणी, गणवेशाची किनार, गॅलरीतली तुळस यावरूनही माणूस कळतो. व्हिडिओत सेकंदाला साधारण २५ चौकटी असतात. चेहरा हलला आणि तो झाकणारा धूसर ठिपका मागे राहिला, की त्यातल्या एका चौकटीवर कोणीही थांबू शकतो. तिच्या घराकडे कॅमेरा न नेणं, हाच खात्रीचा उपाय.

(दृश्य: प्लेट विभाग, मग छपाईयंत्र. आवाज मोठा.)

पान छपाईला सुटलं. रंगीत पानाला चार ॲल्युमिनियम प्लेट लागतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. मजकूर काळ्या प्लेटवर असतो. छपाई सुरू झाल्यावर चूक दिसली, तर यंत्र थांबवून तेवढी एक प्लेट नव्याने काढायची, सिलिंडरवर चढवायची, आणि रंग जुळेपर्यंतच्या प्रती रद्दीत टाकायच्या. वेळ जातो, गाड्या खोळंबतात. तरी थांबवावं. पण आधी छापलेले गठ्ठे गाडीत चढले असतील, तर ते परत आणणं यंत्र थांबवण्यापेक्षा कठीण. नाव फुटलेल्या मुलीची शाळा सुटते, बिऱ्हाड हलतं.

(दृश्य: वेब डेस्क.)

वेबसाइटवर चूक दुरुस्त करणं सोपं वाटतं, आणि तिथेच घात होतो. मथळा बदलला तरी पहिल्या मथळ्यातून बनलेली लिंक तशीच राहू शकते. फोटोच्या फाइलला बातमीदाराने घाईत मुलीचंच नाव दिलेलं असतं. मोबाइलवर गेलेली सूचना परत घेता येत नाही. त्यामुळे मथळा, लिंक, फाइलचं नाव, फोटोओळ या चारही जागा बातमी चढवण्याआधी तपासाव्या लागतात. त्यासाठी दुसरा माणूस हवा. मुद्रितशोधकाची खुर्ची बऱ्याच कचेऱ्यांत आता उरलेली नाही. ती परत आणावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: दादर स्टेशनबाहेर, पहाट. पुरवण्या घालणारे हात.)

विक्रेते मुख्य अंकात पुरवणी सरकवतात, दुमडतात, थप्पी लावतात. एक अंक उघडतो. पान ५, खाली डावीकडे, एका कॉलमात: ‘मध्य मुंबईत अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याप्रकरणी पोलिसांनी परिचित व्यक्तीस अटक केली. गुन्हा पॉक्सो कायद्याखाली नोंदवण्यात आला असून तपास सुरू आहे.’